मामांची खून

शेवटासाठी जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण नुसत्या सुरुवातींवर सत्तरी ओलांडलेला माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या हिचे मामा. या गृहस्थांनी हजारो चित्रपटांची सुरुवात पाहिली आहे आणि एकाचाही शेवट पाहिलेला नाही. ही अतिशयोक्ती नव्हे. अतिशयोक्ती मला जमत नाही, मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो.

मामा अर्नाळ्याचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. पण त्यांना होडी लागते. एसटी लागणारी माणसं आपण पाहतो. समुद्राकाठी जन्मून होडी लागणं ही मात्र वेगळीच नामुष्की. वडिलांनी त्यांना तीनदा समुद्रावर नेलं. तिसऱ्या खेपेला किल्ला मागे पडायच्या आतच होडी वळवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "ह्याला जमिनीवर कुठंतरी लाव." मग मामांना विरारच्या एका थिएटरात डोअरकीपर म्हणून लावण्यात आलं. ते थिएटर आता नाही. त्या जागी उंच इमारत आहे आणि तिच्या तळमजल्याला मोबाइलचं दुकान. पण त्या वेळची बॅटरी मामांच्या खिशात अजून असते. कामाची वाटणी अशी होती की खेळ सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं मामांनी उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायच्या आणि मग बाहेर जाऊन खेळ सुटेपर्यंत सायकल स्टँड सांभाळायचा. म्हणजे रोज तीन खेळ आणि तिन्ही खेळांना तीच पंधरा मिनिटं. शुक्रवार आला की नवी पंधरा मिनिटं. असं तीस वर्षं चाललं. "मामा, शेवट कधी पाहावासा वाटला नाही?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "शेवट बगायला आत कशाला जायला पायजे, मास्तर? सायकल घ्यायला येनाऱ्याच्या तोंडावर असतो तो."

नोकरी संपली तरी मामांची ड्यूटी संपली नाही. कुठल्याही लग्नात ते मांडवाच्या दाराशी उभे राहतात आणि भर दुपारी बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवतात. आमच्या लग्नात त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांना दंडाला धरून तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं आणि "हलू नका, मागच्यांना दिसत नाय" असं कानात सांगितलं. मुख्याध्यापक जेवायलासुद्धा मामांना विचारून उठले. मामा स्वतः मात्र मंगलाष्टकं संपली की निघून जातात. सत्यनारायणाच्या कथेचा पहिला अध्याय ऐकतात आणि प्रसाद मागाहून घरी मागवतात. वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचून झालं की बाकीची पानं शेजाऱ्याला देऊन टाकतात. शेजारी बिचारा वर्षानुवर्षं आतल्या पानांवर जगतो आहे आणि देशात काय चाललंय ते त्याला मामांकडून कळतं.

पण मामांचा खरा जीव रहस्यपटांत, म्हणजे त्यांच्या शब्दात "सस्पेन"मध्ये. सस्पेनची सुरुवात कशी असते यावर ते तासभर बोलू शकतात, आणि अशा वेळी त्यांना मध्येच उठून जायची इच्छा होत नाही. नुसते बूट चालताना दिसले आणि चेहरा दिसला नाही, तर तो माणूस खुनी नव्हे, असं त्यांचं ठाम मत आहे. "बूट दाखवले तो पोलीस, नायतर नवरा. खुन्याचं तोंड पयल्यांदाच दाखवून टाकतात, हसरं. म्हंजे आपन विसरतो." पहिल्याच दृश्यात कुत्र्याला बिस्कीट घालणारा भला माणूस मध्यंतरापर्यंत टिकत नाही. आरशासमोर गुणगुणणाऱ्या बाईला धोका नसतो. तिच्या पाठीमागे कपाट असेल आणि कॅमेरा त्या कपाटाकडे विनाकारण बघत असेल, तर गोष्ट वेगळी. माळी, रखवालदार आणि डॉक्टर असे तिघं एकदम दिसले तर डॉक्टर. चहा आणणारा नोकर निर्दोष असतो, पण "मला चहा नको" म्हणणाऱ्या पाहुण्यावर नजर ठेवावी. संगीत वाजत असेल तोवर खुशाल बसावं. ते थांबलं की समोरच्या खुर्चीची पाठ धरावी. आणि सुरुवातीलाच चष्मा पुसणारा माणूस मामांना बिलकूल खपत नाही. मी चष्मा लावतो, त्यामुळे त्यांच्यादेखत तो मी धुळीसकट वापरतो.

हीच दृष्टी ते माणसांनाही लावतात. पहिल्या पंधरा मिनिटांत माणूस काय ते कळतं, पुढे नुसती लांबड असते, असं त्यांचं म्हणणं. मी हिला मागणी घालायला अर्नाळ्याला गेलो तेव्हा घरचे सगळे आत बोलत होते आणि मामा दाराशी उभे राहून मला बघत होते. मी मूळचा देशावरचा, घाबरलेलो. काय करावं सुचेना म्हणून मी दारातल्या सगळ्यांच्या चपला नीट जोडीनं लावून ठेवल्या. मामा आत गेले आणि बहिणीला म्हणाले, "मानूस साधा हाय, द्या पोरगी. पन लोकांच्या चपला सरळ करत बसंल जल्मभर." हे हिनं मला लग्नानंतर सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. माझ्या हसण्यात जरा लाज होती, कारण त्याच आठवड्यात मी हिच्या बोलण्यातला न दुरुस्त केला होता.

ते सांगायलाच हवं. हिच्या माहेरी ण नाही. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन, लोणी म्हणजे लोनी. लग्नाच्या पहिल्या वर्षात मी हिचे न एकेक करून काढले. रागावून नाही, प्रेमानं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट. ही हुशार, तिनं भराभर ण उचलला. आता ती माझ्याशी ण नं बोलते आणि मामा आले की न नं. मधल्या दाराशी बदलते. मला हे रोज ऐकू येतं.

मामा दर रविवारी दुपारी बसनं आमच्या विरारच्या फ्लॅटवर यायचे. हातात फडक्यात बांधलेले सुके बोंबील, नाहीतर वाटेत आगाशीच्या बाजारात उतरून घेतलेली केळी. टीव्हीवर सस्पेन लागायचा. आमची सई लहानपणापासून त्यांच्या मांडीवर बसून सुरुवाती बघत मोठी झाली. पंधरा मिनिटं झाली की मामा खुन्याचं नाव जाहीर करून गॅलरीत जायचे, कारण तिथून खाली सोसायटीच्या सायकली दिसतात. अंदाज चुकला असं आम्ही मागाहून सांगितलं, तर म्हणायचे, "मग पिच्चर चुकला."

असाच एक रविवार. मामा म्हणाले, "सस्पेनमदे पयल्या पंदरा मिन्टांत खून असते. असायलाच पायजे."

"असतो, मामा," मी म्हटलं. "खून पुल्लिंगी आहे. तो खून."

"असते," मामा शांतपणे म्हणाले.

"आणि दर वेळी असतोच असंही नाही. आता याच चित्रपटात बघा, पंधरा मिनिटं होत आली, अजून कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

"हाय की. ती बाई दाराची कडी लावली आनि परत येऊन बगितली. ती खून."

कडी तपासणं म्हणजे खून, हे काही मला पटेना. मी हट्टाला पेटलो. पहिल्या पंधरा मिनिटांत खून नसलेल्या चित्रपटांची यादी मी एका वहीत करायला घेतली आणि दर रविवारी ती वाढवून मामांना वाचून दाखवू लागलो. मामा प्रत्येक नावाला मान हलवायचे. "हाय त्याच्यात. दोन पेले ठेवलेले असतात ना टेबलावर, मानूस एकच? ती खून." मला वाटायचं, म्हातारपणामुळे यांना खून कशाला म्हणतात याचंच भान राहिलेलं नाही. हे असं बारा वर्षं चाललं. सई नववीत असताना एकदा अभ्यास करता करता मान वर न करता म्हणाली, "बाबा, मामाआजोबा खूण म्हणतोय. ती खूण. तुला खरंच कळलं नव्हतं?"

मी वही मिटली. व्याकरण, लिंग, वाक्य सगळं बरोबर असलेल्या माणसाला मी बारा वर्षं दुरुस्त करत होतो. स्वयंपाकघरात ही हसत असल्याचं भांड्यांवरून कळत होतं. मामा गॅलरीत होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "मला वाटलं मास्तरांना मस्करी आवडते."

हा किस्सा मी बरेचदा सांगतो, लोक हसतात आणि मी बरा माणूस ठरतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सई आता वसईच्या एका कॉलेजात माध्यमांचा अभ्यास करते. गेल्या वर्षी तिला एक प्रकल्प होता. रहस्यपटाची फक्त सुरुवात बनवायची, अडीच मिनिटांची. त्यात या प्रकारच्या चित्रपटांचे ठरलेले संकेत कसे वापरले आणि माणूस कसा उभा केला, हेही लिहून द्यायचं. "फक्त सुरुवात?" मामांनी तीनदा विचारलं. आयुष्यभर आपण जे बघितलं त्याची कुणी परीक्षा घेतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. सईला अंधार, पाऊस आणि जुना बंगला हवा होता. मामांनी सगळं मोडीत काढलं. "काळोखात भीती कोनालाबी वाटते. उन्हात वाटवून दाखव." मग ठरलं असं की भर दुपारी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून एक शहरातली मुलगी कुणाचं तरी घर शोधत येते. एक म्हातारा जाळं विणत बसला आहे. त्याच्या शेजारी पाण्याचे दोन पेले भरून ठेवलेले आहेत. म्हणजे ती येणार हे त्याला ठाऊक होतं. तो एक पेला पुढे करतो आणि म्हणतो, "पानी पी. कोन येनार नाय आता." बस्स, एवढंच.

म्हातारा अर्थात मामा. होडी लागणाऱ्या माणसानं जाळं विणायचं म्हणून वाडीतली पोरं हसली. मामांनी एक गाठ बरोबर मारली नाही, पण ते वाक्य असं म्हणाले की, समोर उभ्या असलेल्या सईच्या मैत्रिणीनं पेला घेता घेता खरोखर मागे वळून पाहिलं.

घरी येऊन पाहिलं तर वाऱ्यामुळे आवाज फाटला होता. वाक्य पुन्हा घ्यायला हवं होतं. सई म्हणाली, उद्या अर्नाळ्याला जाऊन येते. आणि मी म्हटलं, "कशाला एवढी धावपळ? तीन शब्द तर आहेत. मी म्हणतो." तीन शब्द नव्हते, सहा होते. खरं कारण वारा नव्हतं. त्यांचं ते पानी, ते कोन, ते येनार, कॉलेजातल्या शिक्षकांसमोर, माझ्या मुलीच्या नावाखाली वाजणार होतं. मला लाज वाटली. सईनं विचारलं, "मामाआजोबाला विचारलंस?" मी म्हटलं, "हो. फोन केला होता. चालेल म्हणाले."

मी फोन केला नव्हता.

मी ते वाक्य बेडरूममध्ये बसून म्हटलं. "पाणी पी. कोणी येणार नाही आता." उच्चार उत्तम होते.

कॉलेजात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या त्या दुपारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दाराशी उभे राहून त्यांनी आधी बाकीच्या पालकांना बॅटरीनं जागा दाखवल्या, मग आमच्या शेजारी येऊन बसले. सईची फिल्म लागली. ऊन, बोंबील, मुलीची लांब सावली. मामा गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकले. पडद्यावरच्या मामांनी तोंड उघडलं आणि त्यातून मी बोललो.

मामा हळूच मागे टेकले. माझ्याकडे बघितलं नाही.

फिल्म संपल्यावर सईच्या बाई म्हणाल्या, "ऊन छान वापरलंय. दोन पेल्यांची खूण तर फारच छान. पण म्हाताऱ्याचा चेहरा एका माणसाचा वाटतो आणि आवाज दुसऱ्याचा. दिसतो अर्नाळ्याचा आणि बोलतो फळ्यावर लिहिल्यासारखा. आजोबा, आवाज तुमचाच ना?"

सई वळून बघू लागली. मामा उठून उभे राहिले. "माजाच हाय, बाई. त्या दिवशी घसा बसलेला, म्हनून जरा शुद्ध आला."

सगळा हॉल हसला. बाईही हसल्या. मी हसण्याचा प्रयत्न केला. बाहेर आल्यावर सईनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाबांनी तुला विचारलं होतं ना?" मामा म्हणाले, "विचारलं असंल. मला नाय आठवत आता." आणि बस गाठायची म्हणून चालू लागले.

 रिक्षात ही बाहेर बघत म्हणाली, "माझे न तर नेलेतच. त्यांचे तरी ठेवायचे होते."

त्या रविवारी मामा आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, गुडघा दुखतोय. पुढच्या रविवारीही गुडघा दुखत होता. त्याच सकाळी मी सईला समोर बसवून सगळं सांगितलं. लाज वाटली म्हणून केलं हेही, आणि खोटं बोललो हेही. मुलीसमोर असं बोलताना शब्द फार कमी पडतात, हे मला शब्दांच्या धंद्यात इतकी वर्षं काढून कळलं नव्हतं. सई उठली. आत गेली, एक गोधडी घेऊन आली, पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "चल."

अर्नाळ्याला मामा पडवीत बसले होते. गुडघा मुडपून, म्हणजे तो चांगला होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मामा, मी तुमची परवानगी न घेता..."

"बसा आदी," मामा म्हणाले. "माहीत हाय मला. तुमचा आवाज मी वळकनार नाय काय? आवाज वाईट नाय, मास्तर. पन तो पानी पाजनारा नाय. पानी का प्यावं ते समजवनारा हाय."

"तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर पांघरूण घातलंत."

"तुमच्यावर कशाला? पोरीचे मार्क गेले असते." त्यांनी मुडपलेला गुडघा सरळ केला. "मला काय वाटलं सांगू? तो पिच्चर फोनवर वाडीत फिरला. सगळ्यांनी बगितला. आता मी नळावर गेलो की म्हनतात, मामा कॉलेजात जाऊन आला, आता आमच्यासारका बोलत नाय, लाजतो आमाला. मी लाजलो नाय रे बाबा कोनाला. पन सांगनार कसं? सांगितलं तर तुमचं नाव जातं."

मला त्यांनी "रे बाबा" म्हटलं, हे पहिल्यांदाच.

माझ्या घरातल्या बेडरूममध्ये बोललेल्या सहा शब्दांनी या माणसाला त्याच्याच वाडीत परका केलं होतं, आणि पंधरा दिवस तो ते माझ्यासाठी सोसत होता. मी त्याच दुपारी नळावर गेलो आणि तिथे असलेल्या चार बायकांना सांगितलं की तो आवाज माझा होता, मामांना न विचारता घातलेला. एक जण म्हणाली, "तरी मी बोललू, मामा येवडा शुद्ध मरताना पन बोलनार नाय." दुसरीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपला हंडा नळाखाली सरकवला.

परत आलो तर सईची तयारी झाली होती. बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून गोधडी डोक्यावरून घ्यायची आणि फोनवर रेकॉर्ड करायचं, असं तिनं सांगितलं. गोधडीत मामा आणि मी शेजारी शेजारी बसलो. आत अंधार होता आणि सुक्या मासळीचा वास. सई बाहेरून म्हणाली, "चालू केलंय."

मामा बोलेनात.

"मामा, बोला ना."

"तुमी बोला पयले. माज्या तोंडातनं तुमी बोललात, आता तुमच्या तोंडातनं माजं बोला."

"पाणी पी," मी म्हटलं.

"पानी."

"पाणी."

"जीब टाळूला कशाला नेता? दाताला लावा."

मी लावली. पुन्हा पाणीच आलं. मला हसू आलं आणि घाम फुटला. मामा प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे "पानी" म्हणत होते. एकदाही चिडले नाहीत. मी पहिल्या वर्षी हिला शिकवताना चिडलो होतो का, ते मला आठवेना. नवव्या वेळी जमलं. मामा "हां" म्हणाले, आणि लगेच, एका दमात, त्यांचं ते सहा शब्दांचं वाक्य त्यांनी म्हटलं. गोधडीतल्या त्या उकाड्यातसुद्धा माझ्या अंगावर काटा आला.

सईनं तो आवाज घालून फिल्म पुन्हा केली आणि वाडीत सगळ्यांना पाठवली. कॉलेजात मात्र पहिलीच जमा झालेली आहे. तिच्यात माझा आवाज आहे, आणि तो आता निघायचा नाही. मी सुधारलो असंही म्हणवत नाही. उत्तरपत्रिकेत "पानी" दिसलं की खाली लाल रेघ मारावी लागते, ती मारतो. फक्त पेन टेकवायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

मामांचा गुडघा यंदा खरोखरच गेला. बस चढवत नाही. रविवारी आम्हीच जातो. आवाजही बारीक झालाय, दोनदा विचारल्याशिवाय कळत नाही. सईनं त्या दुपारचं सगळं रेकॉर्डिंग मला पाठवून ठेवलं आहे, माझ्या चुकांसकट. घरात कोणी नसलं की मी ते लावतो. नऊ वेळा माझा आवाज येतो, नऊ वेळा मामांचा. सगळ्यात शेवटी, सईनं बंद करायच्या आत, गोधडी खसखसते आणि मामा म्हणतात, "आता आलं. पन परत परत बोला, मास्तर. नायतर जाईल."

मी बोलतो.